धुरजड की उलाळ

मे महिना संपत आला की पालघरजवळच्या मुरब्याच्या किनाऱ्यावर बोटी वर घेण्याची घाई सुरू होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मोठ्या बोटी उधाणाची भरती साधून खाडीत जितक्या आत येतील तितक्या आणायच्या आणि पाणी ओसरले की टेकू लावून उभ्या करायच्या. लहान होड्या माणसांनी आणि ट्रॅक्टरने ओढून वाळूवर घ्यायच्या. खाडीपलीकडे सातपाटीलाही हेच चाललेले असते. बघणाऱ्यांची नजर बहुधा ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांवर असते. माझी नजर ट्रॅक्टर आणि होडी यांच्यामधल्या दोरावर खिळते. ट्रॅक्टर थांबला की होडीही वाळूत रुतून थांबते, दोर सैल पडतो, कुणाला काही होत नाही. पण तीच होडी चाकांच्या गाड्यावर चढवून डांबरी रस्त्याला लावली की चित्र पालटते. आता दोर चालत नाही, लोखंडी दांडा लागतो. कारण पुढच्याने ब्रेक दाबला तरी मागचे ओझे थांबायला तयार नसते. ते पुढच्याला ढकलते, खाली दाबते, कधी मागून उचलते आणि वेळप्रसंगी रस्त्याबाहेरही फेकते.

हे प्रकरण जुन्या कॅम्पर ट्रेलरविषयी आहे. कॅम्पर ट्रेलर म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले, मोटारीमागे जोडून न्यायचे छोटे घर. पण खरे सांगायचे तर हे प्रकरण त्या दांड्याविषयी आहे. जुना ट्रेलर दुरुस्त करणारे बहुतेक जण रंग, पडदे, ओटा आणि दिवे यांत रमतात आणि गाडी निवडताना इंजिनाची ताकद विचारतात. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण माणसे जखमी होतात ती तिसऱ्याच गोष्टीमुळे. ट्रेलरचे वजन किती, ते कुठे ठेवले आहे आणि त्यातले किती ओझे जोडावर येते, हे कुणी मोजलेले नसते.

ही कल्पना आपल्याकडे परदेशातून यायची गरज नव्हती. मराठी गाडीवानाकडे तिच्यासाठी दोन नेमके शब्द होते. बैलगाडीत पुढे भार जास्त झाला तर गाडी ‘धुरजड’ झाली म्हणायचे. धुरा खाली दबते आणि जू बैलांच्या मानेत रुतते. मागे भार जास्त झाला तर गाडी ‘उलाळ’. धुरा वर उचलली जाते, जू मानेवरून सुटू पाहते आणि गळ्याखालचे पट्टे बैलांना आवळतात. चढावर उलाळ गाडी बैलांसकट मागे झुकू शकते. म्हणून गवताचे भारे रचताना जाणता माणूस आधी आखाच्या वर भरायचा, मग थोडे पुढे, मग मागे, आणि शेवटी धुरा हाताने उचलून बघायचा. ती उचलताना हाताला थोडा जोर लागला पाहिजे, पण कंबर मोडता कामा नये. कॅम्पर ट्रेलरचे अख्खे शास्त्र त्या एका उचलण्यात आहे. आज आपण फक्त हाताच्या अंदाजाच्या जागी किलो लिहितो.

चाकांवरच्या घराची हौस तशी जुनी. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या ब्रिटिश नौदलातल्या निवृत्त डॉक्टराने ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाचे घर बांधून घेतले आणि दोन घोडे जुंपून थेट स्कॉटलंडच्या इन्व्हर्नेसपर्यंत नेले. त्या गाडीला तो जमिनीवरचे जहाज म्हणत असे, आणि ते ऐकताना किनाऱ्यावरच्या माणसाला परके वाटत नाही. घोड्यांची जागा मोटारीने घेतल्यावर १९१९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एकल्स कंपनी मोटारीमागे ओढायची घरे विकू लागली. अमेरिकेत हॉली बोलस या विमाने आणि ग्लायडर बांधणाऱ्या माणसाने १९३४ मध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडून ट्रेलर केला. वॉली बायम याने तीच कल्पना पुढे नेऊन १९३६ मध्ये ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारात आणला. विमानाच्या अंगासारखा गोलसर, चकचकीत आणि मुख्य म्हणजे हलका. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या तिघा अंतराळवीरांना जंतूंच्या भीतीने सगळ्यांपासून वेगळे ठेवले गेले, ते एअरस्ट्रीमच्याच चाके काढलेल्या एका ट्रेलरमध्ये. त्याच वर्षी, ऑक्टोबरात, मुरब्याच्या उत्तरेला तारापूरच्या अणुवीज केंद्रातून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. आमच्या भागाने तेव्हापासून खूप यंत्रे पाहिली, पण चाकांवरचे घर इथे नवलाचेच राहिले.

आता ते नवल कमी होते आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. दणकट गाड्या घेणारी तरुण मंडळी पालघर-बोईसरला भरपूर आहेत. आणि जुना ट्रेलर पुन्हा उभा करायला जी कौशल्ये लागतात, ती मला या पट्ट्याइतकी एका जागी दुसरीकडे कुठे दिसत नाहीत. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या अवतीभवती लोखंड आणि ॲल्युमिनियम जोडणारे फॅब्रिकेटर आहेत. किनाऱ्यावर लाकडी बोटी दुरुस्त करणारे सुतार आहेत, फळ्यांच्या फटीत सूत ठासून पाणी अडवणारे हात आहेत, फायबरच्या होडीला रेझिन आणि मॅट लावून भोक बुजवणारी मुले आहेत. कॅम्पर ट्रेलर हा मोटारीपेक्षा बोटीचा जवळचा नातेवाईक आहे, हे एकदा लक्षात आले की कुणाकडे जायचे ते आपोआप कळते.

डोळ्यांसमोर एक नमुना ठेवू. १९७० च्या दशकातला, ब्रिटिश धाटणीचा, एका आखाचा, सुमारे चार मीटर लांबीचा ट्रेलर. खाली लोखंडी चासी, वर लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून तीन मिलिमीटरचे प्लाय. बाहेरून त्याला बघून काहीच कळत नाही. पत्रा कुजत नाही, लाकूड कुजते, आणि ते पत्र्याच्या आड. पाणी शिरते छपराच्या सांध्यातून, खिडकीच्या रबरातून, दिव्याच्या स्क्रूच्या भोकातून; पण साचते खाली, कोपऱ्यात, जिथे भिंत जमिनीला मिळते. म्हणून तपासणी खालून सुरू करायची. मोच्याची आरी किंवा बारीक टोचा घेऊन खालच्या कोपऱ्यांतले लाकूड टोचत जायचे. कडक लाकूड आरीला परत ढकलते; कुजलेले लाकूड तिला गिळते. बोटीचा सुतार जुनी बोट घेण्यापूर्वी असेच करतो. वास हाही साक्षीदार असतो. बंद ट्रेलरचे दार उघडताच ओल्या गोणपाटाचा वास आला तर वरचा नवा रंग कितीही सुंदर असो, किंमत पाडून मागायची.

कुजलेला भाग सापडला की मोह होतो तो आतून नवे प्लाय ठोकून झाकण्याचा. तसे केले तर ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत नवे प्लायही जाते. बाहेरचा पत्रा सोडवायचा, लाकूड उघडे करायचे, पूर्ण वाळू द्यायचे, कुजके कापून त्याच मापाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवायचा. काढलेल्या प्रत्येक तुकड्यावर क्रमांक लिहायचा आणि तो फेकायचा नाही, कारण नव्याचा साचा तोच असतो. या कामाला घाई चालत नाही. पावसाळा सुरू होण्यापूर्वी छप्पर जलरोधक झालेले हवे, नाहीतर सगळे ताडपत्रीखाली गुंडाळून ऑक्टोबरची वाट पाहायची.

समुद्रकाठी आणखी एक शत्रू असतो. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून असतील आणि मध्ये खारट ओल आली तर ती जोडी बॅटरीसारखी वागू लागते. दोन धातूंमध्ये सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि ॲल्युमिनियम हळूहळू पांढऱ्या भुकटीत बदलत जाते. लोखंडी स्क्रूभोवती पत्रा फुगलेला दिसतो तो यामुळेच. बोटीवर हाच स्वभाव कामाला लावतात. पंख्याजवळ जस्ताची वडी बसवतात, म्हणजे ती स्वतः झिजते आणि बाकीचा धातू वाचतो. ट्रेलरला वडीचा उपयोग नाही, कारण तो पाण्यात बुडालेला नसतो. तिथे दोन धातूंना एकमेकांपासून दूर ठेवणे हाच उपाय. मध्ये रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी, स्क्रूच्या भोकात सीलंट, आणि पत्रा बदलायचाच असेल तर समुद्री हवेत टिकणारा ५०५२ जातीचा. स्टीलचा रिव्हेट चमकतो म्हणून वापरू नये. ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियमचाच रिव्हेट बरा.

आता वजनाकडे येतो, कारण जुना ट्रेलर दुरुस्तीत हमखास जाड होतो. आपल्याकडचा सुतार चांगल्या मनाने मजबूत काम करतो. त्याने आयुष्यभर घरातली कपाटे केलेली असतात. आठ बाय चारचा बारा मिलिमीटरचा एक प्लाय साधारण चोवीस किलो भरतो, सहा मिलिमीटरचा बारा. सहा मिलिमीटरच्या जागी असे सहा तुकडे बारा मिलिमीटरचे लावले की बहात्तर किलो जास्तीचे झाले, म्हणजे एक पूर्ण माणूस कायमचा आत बसला. ओट्यावर अठरा मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट बसवला तर मीटरभर लांब आणि अर्धा मीटर रुंद तुकड्याचे आणखी चोवीस किलो. उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या चिकटाचे, आयएस ७१० मानकाचे मरीन प्लाय घ्यावे हे खरे. पण ते पातळ घ्यावे आणि मजबुती सांगाड्यातून मिळवावी. बोटीचा सुतार हे लगेच समजतो, कारण लाकडाची जागा चुकली की बोट समुद्रात उतरताच एका अंगाला कललेली दिसते. काम सुरू करण्यापूर्वी रिकाम्या ट्रेलरचे वजन घेऊन ठेवावे आणि जे काढले आणि जे घातले त्याची वही ठेवावी. कामाच्या सगळ्या हत्यारांत ही वही मला सर्वांत मोलाची वाटते.

चाकांचे काम कमी देखणे, पण त्यात तडजोड नको. उभ्या राहिलेल्या ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असूनही आतून म्हातारे झालेले असतात. टायरच्या बगलेवर चार अंकी आकडा असतो: २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा-सात वर्षांपुढचा टायर, कितीही नवा दिसो, बदलावा. बेअरिंग उघडून जुने ग्रीस पूर्ण काढावे आणि नवे भरावे. किनाऱ्यावर चाके खाऱ्या पाण्यात गेली असतील तर हे काम त्याच आठवड्यात. मेकॅनिक ज्यांना नुसते पाटे म्हणतात, त्या स्प्रिंगांच्या पाट्यांतला एखादा तडकला आहे का, ते दिव्याने बघावे.

दोन-तीन गोष्टी मात्र ट्रेलर कुठल्या देशातला आहे यावर ठरतात. ब्रिटिश ट्रेलरचे दार डाव्या बाजूला असते, म्हणजे आपल्या रस्त्याच्या कडेला. अमेरिकी आणि युरोपीय ट्रेलरचे उजव्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे मुले थेट वाहतुकीत उतरतील. अमेरिकी ट्रेलरची घरगुती वीज १२० व्होल्टची. आपल्या २३० व्होल्टला जोडली तर उपकरणे जळतात. आणि जोडाचा गोळा. युरोपात तो ५० मिलिमीटरचा, अमेरिकेत बऱ्याचदा दोन इंचांचा, म्हणजे ५०.८. एक मिलिमीटरचाही फरक नाही, नजरेला कळतही नाही. पण दोन इंचांची वाटी ५० च्या गोळ्यावर ढिली बसते आणि खड्ड्यात उसळली की सुटू शकते. गोळा आणि वाटी यांच्यावर कोरलेले माप वाचल्याशिवाय जोडू नये. सुरक्षेच्या साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन लावाव्यात, म्हणजे जोड सुटलाच तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतो.

गॅसबद्दल एवढेच: स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खिडकीतून निघून जात नाही, जमिनीवर साचतो. म्हणूनच जुन्या ट्रेलरच्या तळात छोटी भोके ठेवलेली असतात. मुंग्या येतात, धूळ येते म्हणून ती बुजवलेली दिसली तर आधी ती मोकळी करावी. जुनी रबरी नळी आणि जुना रेग्युलेटर ठेवूच नयेत.

आता गाडी. १९४७ मध्ये एअरस्ट्रीमने जाहिरातीसाठी एक छायाचित्र काढले. अल्फ्रेड लेतुर्नेर हा फ्रेंच सायकलपटू सायकलमागे ट्रेलर जोडून तो ओढतो आहे. ट्रेलर किती हलका आणि किती सहज फिरणारा, हे दाखवायचे होते. मी ते छायाचित्र नेमक्या उलट्या कारणासाठी दाखवीन. ओढणे सोपे असते, सपाट रस्त्यावर माणूसही ओढतो. लेतुर्नेरला विचारायचा प्रश्न असा की उतारावर तो ट्रेलर सायकलच्या ब्रेकने थांबवशील का? गाडी निवडताना आपण हाच प्रश्न विचारला पाहिजे. इंजिनाची ताकद हे उत्तराचे एक टोक आहे. ब्रेक, गाडीचे स्वतःचे वजन आणि मागच्या आखाची सोशिकता हे दुसरे, आणि तेच जड.

आकड्यात बघू. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे. तिथे सुट्टी घालवून गाडी, माणसे आणि ट्रेलर मिळून तीन टनांचे ओझे किनाऱ्याकडे परत आले की उंचीत साठलेली जी ऊर्जा कुठेतरी खर्ची पडावी लागते, तेवढ्या उष्णतेत तीस अंशांचे सुमारे पंचेचाळीस लिटर पाणी उकळीपर्यंत जाईल. त्यातला काही भाग टायर आणि वारा खातात. उरलेला भाग इंजिनाने खावा म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरायचे. चालकाने तसे केले नाही तर तो सगळा ब्रेकच्या तबकड्यांत जातो. तापलेल्या ब्रेकचा पेडल अचानक मऊ होतो तो क्षण कुणावर येऊ नये. म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. युरोपीय ट्रेलरमध्ये ते दांड्यातूनच चालतात. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर पुढे सरकून दांडा दाबतो आणि त्या दाबाने त्याचे ब्रेक लागतात. अमेरिकी ट्रेलरमध्ये विजेचे ब्रेक, चालकाजवळच्या खटक्याने चालणारे. जुन्या ट्रेलरमध्ये हे बहुधा गंजून जाम झालेले असतात आणि विकणारा ‘तसेही चालते’ म्हणतो. तसे चालत नाही.

गाडीच्या वजनाबद्दल युरोपात एक सांगणे आहे: नवख्याने भरलेल्या ट्रेलरचे वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये. आपल्या रस्त्यांसाठी मी तर निम्म्यावरच थांबेन. गाडीच्या माहितीपुस्तकात ओढण्याची मर्यादा दिलेली असेल तर तीच शेवटची, शेजारी काय ओढतो ते नाही. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, गुरखा अशा गाड्या शिडीसारख्या स्वतंत्र चासीवर उभ्या असतात, त्यामुळे जोडाचा हूक त्या चासीला भक्कमपणे बोल्ट करता येतो. अंगच चासी असलेल्या मोटारीत हूक पत्र्याला नव्हे, तर कंपनीने ठरवून दिलेल्या बिंदूंनाच धरावा लागतो. बाजारातला शोभेचा हूक बंपर वाचवायला असतो, त्याच्यावर कुटुंबाचे घर टांगू नये.

आणि मग उलाळपणा, सगळ्यांत घातक. ट्रेलर जोडाभोवती लंबकासारखा डावी-उजवीकडे झुलू शकतो. ट्रकच्या वाऱ्याचा झोत बसला, स्टीअरिंग थोडे हलले, की तो एक झोका घेतो. कमी वेगात टायर त्याला परत जागेवर आणतात आणि झोका विरतो. वेग वाढत जातो तशी ही विरण्याची शक्ती कमी होत जाते, आणि एका वेगापुढे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. ट्रेलर झोकांड्या खाऊ लागला की तो गाडीची शेपूट ओढून नेतो. हा धोक्याचा वेग ट्रेलर उलाळ असेल तर खूप खाली येतो, कारण भार मागे असला की लंबकाचे जड टोक मागे जाते आणि गाडीची मागची चाकेही हलकी होतात. झोकांड्या सुरू झाल्यावर वेग वाढवून सुटका होत नाही, जोराने ब्रेक दाबूनही नाही; पाय हळूच उचलायचा, स्टीअरिंग सरळ धरायचे, आणि ट्रेलरला वेगळा खटका असेल तर फक्त त्याचे ब्रेक लावायचे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोरच्या बाजूला ट्रकांच्या रांगेशेजारून जाताना हे आठवावे.

म्हणूनच जोडावर ओझे हवे. अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात. युरोपात ५ ते ७ टक्के, कारण तिथल्या मोटारींचे हूक बऱ्याचदा पाऊणशे ते शंभर किलोच पेलतात आणि ट्रेलर ओढताना वेगही कमी ठेवतात. आपल्याकडच्या गतिरोधकांचा विचार करता जोडावर १० टक्क्यांच्या आसपास ओझे आणि ते पेलणारा हूक, असे मला योग्य वाटते. गतिरोधकावरून उतरताना ते ओझे क्षणभर दुपटीने आपटते, म्हणून हूकवर लिहिलेली मर्यादा कधीच काठोकाठ वापरू नये. धुरजडपणालाही सीमा आहे. जोडावर ९३ किलो आले, गाडीच्या दोन आखांमधले अंतर २.७ मीटर आणि हूक मागच्या आखाच्या १.१ मीटर मागे असेल, तर मागच्या आखावर ९३ नव्हे, सुमारे १३१ किलो वाढतात आणि पुढच्या आखावरचे ३८ उचलले जातात. पुढची चाके हलकी झाली की स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही बोथट होतात. म्हणजे त्या दिवशी डिकीत भरलेल्या बॅगा पुढे सरकवायच्या किंवा घरी ठेवायच्या.

कागदांचे थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची स्वतंत्र व्याख्या आहे आणि ट्रेलरला स्वतंत्र नोंदणी लागते. खाजगी वापराचा कॅम्पर ट्रेलर केंद्राच्या वाहनप्रकारांच्या यादीत बिगर-परिवहन गटात येतो. नोंदणीत लिहिलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही, त्यामुळे लांबी, आख किंवा चासी बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जाऊन यावे. नंतर जाणे महाग पडते.

एवढे झाले की वजन करायची वेळ येते. बोईसरच्या औद्योगिक भागात वजनकाट्यांची वाण नाही. तिथे ट्रेलर सोडवून एकटा काट्यावर घ्यायचा, प्रवासाला निघताना असेल तसाच भरून: पाणी, गॅस, गाद्या, भांडी, सगळे. मात्र ट्रकच्या काट्याचा टप्पा बहुधा पाच-दहा किलोंचा असतो, म्हणून जोडावरचे ओझे त्याच्यावर नीट कळत नाही. त्यासाठी घरातला माणसांचा वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जमिनीवर, जोडला असताना ज्या उंचीला असतो त्याच उंचीला धरायचा, चाकांना दगड लावायचे आणि दांड्याचे टोक काट्यावरच्या ठोकळ्यावर टेकवायचे. काटा पुरेसा नसेल तर एक फळी घ्यायची. तिचे एक टोक विटेवर, तिथून ९० सेंटिमीटरवर काटा, आणि दांडा विटेपासून ३० सेंटिमीटरवर टेकवायचा. काट्यावर तिसरा हिस्सा दिसतो, त्याला तिनाने गुणायचे. फळीचे स्वतःचे वजन आधी वजा करून.

आपल्या नमुन्यातल्या ट्रेलरचे भरून वजन ८६० किलो आले असे धरू, आणि दांड्यावर ४५. सव्वापाच टक्के. आपल्या दहा टक्क्यांच्या मापाने उलाळ. गोळ्यापासून आख ३.४ मीटरवर आहे. साठ लिटरची पाण्याची टाकी पूर्वीच्या मालकाने पलंगाखाली, आखाच्या १.२ मीटर मागे बसवली आहे. ती आखाच्या जरा पुढे, २० सेंटिमीटरवर आणली की दांड्यावर २५ किलो वाढतात. ४५ चे ७० झाले. पाठीमागे टांगलेले अठरा किलोंचे जादा चाक आखाच्या दोन मीटर मागे होते. ते पुढे दांड्यावर, आखाच्या २.४ मीटर पुढे बांधले की आणखी २३ वाढतात. ९३ किलो, पावणेअकरा टक्के. एकही किलो वाढवला नाही, फक्त दोन वस्तूंची जागा बदलली. आता धुरा उचलून बघणाऱ्या जुन्या गाडीवानाने विचारले, तर किंचित धुरजड असे उत्तर देता येईल. मग टाकी रिकामी करून पुन्हा एकदा वजन घ्यायचे, कारण परतीच्या वाटेवर ती रिकामीच असणार.